सांगली-मिरजेतील खाजगी रुग्णालयांच्या चालक डॉक्टरांना खुले पत्र : वॉर्डात शिकणाऱ्या मुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून नोंदवा

प्रति,
सांगली, मिरज आणि परिसरातील खाजगी रुग्णालयांचे चालक डॉक्टर

विषय : बारावीनंतर थेट वॉर्डात कामाला लागणाऱ्या मुलामुलींना रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून नेमून परिचर्येच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमापर्यंत पोहोचवण्याबाबत.

सन्माननीय डॉक्टर महोदय आणि महोदया,

मी शासकीय रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षे मिरजेतील एका खाजगी रुग्णालयात नर्सिंगची जबाबदारी सांभाळली. दोन्हीकडचे वॉर्ड आतून पाहिलेले असल्यामुळे हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे. ते शासनाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे ती आपल्या रुग्णालयांत आजही, कोणत्याही योजनेची वाट न पाहता, रोज घडते आहे. आपल्या वॉर्डांत मुली परिचर्या शिकत आहेत. फक्त त्याची कुठे नोंद नाही, त्याला कोणी शिक्षक नाही आणि त्याच्या शेवटी कोणते प्रमाणपत्र नाही.

मिरजेला रुग्ण कुठून कुठून येतात हे आपल्याला सांगायला नको. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडचे अथणी, चिकोडी, विजापूर अशा सगळ्या बाजूंनी माणसे या गावाकडे येतात. ज्या गावांतून रुग्ण येतात त्याच गावांतून या मुलीही येतात. बारावी झालेली असते, पुढच्या शिक्षणाला घरात पैसा नसतो, कोणा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मुलगी ‘डॉक्टरांकडे कामाला’ लागते. पहिले काही दिवस ती मावशींबरोबर चादरी बदलते, मग टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा, तक्ता भरू लागते, महिन्याभरात बीपी घेते, सलाईनची बाटली बदलते, सहा महिन्यांत शीर शोधून इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली सलाईनची नळी, लावते आणि वर्ष झाले की रात्रपाळीला एक मजला तिच्या एकटीच्या ताब्यात असतो. नातेवाईक तिला सिस्टर म्हणतात, आपणही म्हणता. हे सगळे तिला शिकवले कोणी, असे विचारले तर उत्तर येते की तिच्याआधी आलेल्या मुलीने, आणि त्या मुलीला तिच्याही आधीच्या मुलीने.

हाताने शिकण्याला मी कमी लेखत नाही. परिचर्या ही केवळ फळ्यासमोर बसून येणारी विद्या नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, बाळंतिणीच्या चेहऱ्यावरून रक्तस्राव वाढल्याचा संशय कसा घ्यायचा, घाबरलेल्या नातेवाइकाला दाराबाहेर कसे थांबवायचे, हे वॉर्डातच कळते, आणि पदवी घेतलेल्या अनेक मुलींपेक्षा ते या मुलींना लवकर कळते असे मी स्वतः पाहिले आहे. परंतु हाताला सवय होणे आणि डोक्याला कारण कळणे यांत जे अंतर राहून जाते, त्याची किंमत रुग्ण मोजतो. पाचशे मिलि सलाईन आठ तासांत जायला हवे आणि सलाईनच्या नळीचा संच मिलिला वीस थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब पडावे लागतात. संच साठ थेंबांचा असेल तर तीच मात्रा देण्यासाठी मिनिटाला बासष्ट-त्रेसष्ट थेंब लागतात. हा हिशोब शाळेतल्या मुलीला येण्याइतका सोपा आहे. पण तिला तो सांगितलेलाच नसतो. ‘रोलर इथपर्यंत फिरवायचा’ एवढे दाखवलेले असते, आणि संच बदलला की तिचे ‘इथपर्यंत’ चुकते. हृदयाच्या रुग्णाला किंवा लहान मुलाला ही चूक किती महाग पडू शकते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

इन्सुलिनचेही तसेच आहे. आपल्याकडे मिलिला चाळीस युनिटचे आणि शंभर युनिटचे अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असते, शंभरच्या सिरिंजला केशरी. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने खुणेवर खूण ठेवून भरले तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. टोपणाचा रंग का पाहायचा हे ज्या मुलीला एकदा नीट समजावले आहे ती जन्मात विसरत नाही, आणि जिला समजावलेले नाही ती जी हाताशी येईल ती सिरिंज उचलते. पोटॅशियम क्लोराईडचे अँप्युल शिरेतून थेट कधीही द्यायचे नाही, ते पातळ करून सावकाशच द्यायचे असते, हे वाक्य किती वॉर्डांच्या औषधाच्या कपाटावर लिहिलेले आहे, हे आपण आजच्या राउंडला पाहावे.

हा धोका रुग्णाइतकाच त्या मुलीलाही आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्या कचऱ्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला काविळीच्या ‘बी’ प्रकाराची आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. सुई टोचली तर एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधे शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू करायची असतात. मी ज्या मुलींशी बोलले त्यांतील बहुतेकींना पिवळी, लाल, निळी पिशवी कशासाठी हे तोंडपाठ होते, कारण तपासणीला येणारे अधिकारी ते विचारतात. स्वतःला सुई टोचली तर कोणाला सांगायचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. कित्येकींनी टोचलेली सुई बोलणी बसतील म्हणून लपवली होती.

माझ्या माहितीतील जत तालुक्यातील एका मुलीचे उदाहरण देते. तान्ह्या बाळाची शीर शोधण्यात तिचा हात असा बसला होता की शेजारच्या रुग्णालयातूनही तिला बोलावणे येई. आठ वर्षे तिने हे काम केले. लग्नानंतर सासरच्या गावाजवळ, कऱ्हाडकडे, काम शोधायला गेली तेव्हा अनुभवाचे पत्र तिच्या हातात नव्हते, आणि पत्र असते तरी त्यावर काय लिहायचे हा प्रश्नच होता, कारण कागदोपत्री ती परिचारिका कधी नव्हतीच. नव्या ठिकाणी तिला कालच कामाला लागलेल्या मुलीच्या पगारावर घेतले गेले. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम) करावे असे तिच्या मनात होते. पण एएनएम आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी पस्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे, दोन लेकरे पदरात आहेत आणि दोन वर्षे बिनपगारी शिकण्याइतके घर भक्कम नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत पीपीई किट घालून वॉर्डात उभ्या राहिलेल्यांत अशाच कितीतरी मुली होत्या, आणि त्या सेवेचा पुढे नोकरीत उपयोग व्हावा म्हणून दाखवायला त्यांच्याजवळ काही नाही.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक आहे, तरी पत्र खुले असल्यामुळे इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. परिचारिका म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवायचे असेल तर तीनच प्रमुख वाटा आहेत : बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा विज्ञान शाखेतून बारावी होऊन चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. वॉर्डात कितीही वर्षे काढली तरी त्या अनुभवावर ही नोंदणी मिळत नाही, आणि मिळूही नये असे माझे मत आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यातही रुग्णांची सेवा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे, अशी अपेक्षा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिकवणाऱ्या रुग्णालयातील सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात काय आहे ते आपण आणि मी दोघेही जाणतो, म्हणून त्याची उजळणी करत नाही.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील की नोंदणीकृत परिचारिका मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. पहिले अर्धे खरे आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल एवढेच म्हणते की, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान वीस हजार रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. त्या शिफारशीचे पुढे काय झाले हा या पत्राचा विषय नाही. पण बिनकागदाच्या मुलींना इतकी मागणी का आहे, याचे एक कारण तिथे सापडते.

शेजारच्या क्षेत्राकडे पाहावे. याच जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कारखान्यात काम करता करता कारागीर घडण्याची रीत या भागाला परिचित झाली. आजही आयटीआय झालेला मुलगा एसटीच्या वर्कशॉपमध्ये किंवा साखर कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागतो, तेव्हा त्याचा करार होतो, त्याला ठरलेले विद्यावेतन मिळते, काय काय शिकवायचे याचा आराखडा असतो आणि शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते. बसच्या इंजिनाला हात लावणाऱ्या मुलासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणाऱ्या माणसाजवळ रात्रभर बसणाऱ्या त्याच्या बहिणीसाठी मालकाचा तोंडी शब्द आहे, ही स्थिती मला लाजिरवाणी वाटते.

परिचर्येला ही रीत नवी नाही, उलट परिचर्येचे आधुनिक शिक्षण वाढले ते याच रीतीने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये जी शाळा निघाली, तिच्यातील विद्यार्थिनी रुग्णालयातच राहून, वॉर्डात काम करून शिकत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि त्याच्या आधाराने या गावात वैद्यकीय आणि परिचर्येचे शिक्षणही रुजले. आज आपण ज्या वैद्यकीय नगरीचा अभिमान बाळगतो तिचे मूळ तिथे आहे. आपल्याच जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून मुलींना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले, आणि तेही अशा काळात की जेव्हा हे काम घरंदाज बाईचे समजले जात नव्हते. देवराष्ट्रे म्हटले की लोकांना यशवंतराव चव्हाण आठवतात, ते योग्यच आहे. पण त्याच मातीतल्या या बाईंचे नाव नर्सिंगच्या एखाद्या वर्गखोलीला दिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून मी आपल्याला काही मागणार नाही. रुग्णालयाला जोडलेल्या जुन्या शाळांत शिकाऊ मुलगी म्हणजे फुकटचे हात, हा समज फार खोल गेला होता. वर्ग बुडवून तिला वॉर्डात उभे करायचे, रात्रपाळ्या तिच्यावर टाकायच्या, आणि शिक्षण झाले तर झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा देशभर शिक्षणाचा एक दर्जा ठरवण्यासाठी आला, त्यामागे अशा विस्कळीतपणाचा अनुभव होता. आजही काही नर्सिंग महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी ‘पोस्टिंग’च्या नावाखाली रिकाम्या जागा भरतात आणि त्यांच्या नोंदवहीतल्या सह्या वर्षाअखेरीस एका बैठकीत होतात. शिकाऊ उमेदवारीची मागणी मी करते आहे ती हे सारे डोळ्यांसमोर ठेवून, आणि म्हणूनच पुढच्या अटींवर माझा भर अधिक आहे.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे जे उत्तर अलीकडे काढले गेले, ते अटींच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे परिचर्येची पदवी नोकरी करत करत, शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येते. साधारण चार वर्षे लागतात, रुग्णालय पगार देते आणि विद्यापीठाची फी उमेदवाराला भरावी लागत नाही. मात्र वाट वेगळी असली तरी मोजमाप तेच आहे : कोणत्याही मार्गाने आलेल्या परिचारिकेला नोंदणीपूर्वी २,३०० तासांचा अभ्यास आणि २,३०० तासांचे प्रत्यक्ष काम पूर्ण करावे लागते, आणि प्रशिक्षणाच्या पाळीत तिला वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजता येत नाही. त्या पाळीला वॉर्डात जितक्या परिचारिका लागतात तितक्या तिच्याशिवाय असाव्या लागतात. हा एकच नियम पाळला गेला तर शिकाऊ मुलगी फुकटचे हात ठरत नाही. पैशाची सोय मात्र तिथे वेगळी आहे. मोठ्या मालकांच्या पगारखर्चावर एप्रिल २०१७ पासून अर्धा टक्का आकारणी होते आणि त्या निधीतून शिक्षणाचा खर्च निघतो. आपल्याकडे तसा निधी नाही, त्यामुळे ती योजना जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही.

आपल्याकडे जे आहे त्यातून बरेच करता येते. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस जण असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. मिरजेतील मोठी रुग्णालये पहिल्या गटात येतात आणि गल्लोगल्लीची वीस खाटांची रुग्णालये दुसऱ्या. २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार पाच हजार ते नऊ हजार रुपये असे किमान मासिक विद्यावेतन ठरवले, त्यात बारावी उत्तीर्ण उमेदवारासाठी सात हजार. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांच्या मर्यादेत, उचलते. ज्या कामासाठी आपण मुली ठेवता त्या कामाला आरोग्य कौशल्याच्या व्यवस्थेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे नाव, अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या मार्गाने मुलगी सहायक होते, परिचारिका होत नाही. हे मुलींपासून आणि त्यांच्या आईवडिलांपासून लपवले जाते, आणि सांगली-साताऱ्यात ‘सहा महिन्यांत नर्सिंग’ असे फलक लावून फी गोळा करणारे वर्ग त्यावरच चालतात. म्हणून उमेदवारी हा जिन्याचा पहिला टप्पा मानावा आणि पुढचा टप्पा त्याच करारात लिहावा, अशी माझी विनंती आहे. उमेदवारीचे वर्ष नीट पूर्ण करणाऱ्या मुलीला रुग्णालयाने एएनएम किंवा जीएनएमच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून द्यावी, प्रवेश मिळाल्यावर फीचा निश्चित वाटा उचलावा आणि सुट्यांच्या काळात तिला सहायक म्हणून पगारी काम द्यावे. बदल्यात ती शिक्षणानंतर ठरावीक मुदत आपल्या रुग्णालयात काम करील. मुदत किती हे शिक्षणाच्या खर्चाच्या प्रमाणात ठरवावे, करार दोघांच्या हातात असावा, आणि मुलीची मूळ गुणपत्रिका रुग्णालयाच्या कपाटात ठेवून घेण्याची प्रथा त्याच दिवशी बंद करावी. पैसे परत करून करारातून बाहेर पडण्याची वाट ठेवलेला बाँड मला मान्य आहे; कागद अडकवून ठेवणारा बाँड ही वेठबिगारी आहे.

कायद्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. या तरतुदीचा मोह आपल्याला पडणार, हे मी गृहीत धरते. आज किमान वेतन द्यावे लागते अशा अनुभवी मुलीला उद्या ‘शिकाऊ’ दाखवून विद्यावेतनावर आणले गेले, तर माझ्या या पत्राने तिचे नुकसानच केले असे होईल. त्यामुळे उमेदवारी फक्त नव्या मुलीची, तीही अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची असावी, करार शासनाच्या पोर्टलवर नोंदवलेला असावा आणि मुदत संपली की ती तिथेच संपावी. पाच-सात वर्षे काम केलेल्यांसाठी वेगळा विचार करावा लागेल : त्यांच्या अंगात असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळवून द्यावे आणि पगार सहायकाचा पूर्ण द्यावा.

आता शिकवायचे कसे. सकाळचे राउंड, ऑपरेशने आणि संध्याकाळची ओपीडी यांच्यामध्ये, दुपारी तीनच्या सुमारास, बहुतेक वॉर्ड तासभर शांत असतात. तो तास वर्गाचा. शिकवायला बाहेरून प्राध्यापक आणायची गरज नाही. आपल्याकडे जी नोंदणीकृत सिस्टर आहे तिने शिकवावे, पण तिच्या कामाच्या वेळेत शिकवावे आणि त्याचा मोबदला तिला मिळावा. पाळी संपल्यावर थकलेल्या बाईला ‘जरा मुलींना सांगा’ म्हणण्याने काही साधत नाही. प्रत्येक कौशल्यासाठी नोंदवहीत तीन रकाने असावेत : पाहिले, देखरेखीखाली केले, स्वतंत्रपणे करता येते. प्रत्येकासमोर त्या त्या दिवशीचीच सही हवी. जोपर्यंत तिसऱ्या रकान्यात सही नाही तोपर्यंत त्या मुलीने ते काम एकटीने करायचे नाही, आणि शिरेतून औषध देणे, रक्त चढवणे अशी कामे तर या टप्प्यावर तिच्या वाट्याला यायलाच नकोत. उमेदवारीच्या काळात रात्रपाळीला ती एकटी नसावी. तिच्या ओळखपत्रावर ‘शिकाऊ सहायक’ असे मराठीत आणि कानडीत लिहिलेले असावे, म्हणजे अथणीहून आलेल्या नातेवाइकालाही कोणाला काय विचारायचे ते कळेल.

वीस खाटांच्या अस्थिरोग रुग्णालयात मुलगी प्लास्टर आणि ट्रॅक्शन शिकेल, पण बाळंतपण पाहणार नाही. प्रसूतिगृहातली मुलगी मधुमेहाच्या जखमेचे ड्रेसिंग शिकणार नाही. यावर उपाय मिरजेच्या भूगोलातच आहे. पायी अंतरावर पाच-सहा वेगवेगळ्या शाखांची रुग्णालये असलेले रस्ते या गावात आहेत. अशा पाच-सहा जणांनी मिळून एक गट करावा, मुली तीन-तीन महिन्यांनी एकमेकांकडे पाठवाव्यात, एक शिक्षिका सर्वांनी मिळून नेमावी आणि राहण्यासाठी एक सुरक्षित खोली सर्वांनी मिळून भाड्याने घ्यावी. राहण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण जतची शेवटची एसटी गेल्यावर सुटणाऱ्या मुलीचा बाप तिला दुसऱ्या महिन्यात घरी घेऊन जातो, हे मी पाहिलेले आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. गटातल्या प्रत्येक मुलीला त्या समितीच्या अध्यक्ष बाईंचे नाव पहिल्या दिवशी सांगितले जावे. मुलांविषयी वेगळे लिहिले नाही, पण ‘ब्रदर’ म्हणून काम शोधणारी मुलेही या भागात वाढत आहेत आणि त्यांना हीच वाट खुली असावी.

आपला नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. ‘शिकवले की मुली पुण्याला जातात, सरकारी भरतीत लागतात, आखाती देशांत जातात, आम्ही खर्च का करायचा?’ जातात हे खरे आहे. पण न शिकवलेल्या मुली तरी कुठे राहतात? शेजारच्या रुग्णालयाने थोडे अधिक दिले की त्या जातात, लग्न झाले की जातात, आणि प्रत्येक वेळी आपण पुन्हा चादर घालण्यापासून सुरुवात करता. शिकलेल्यांतील ज्यांचे घर इथे आहे, म्हातारे आईबाप इथे आहेत, त्या राहतील. राहणाऱ्यांची संख्या वाढवायची असेल तर त्या जिथल्या आहेत तिथल्या रुग्णालयांत त्यांना जागा मिळाली पाहिजे, आणि हे वाक्य मी विट्याच्या, जतच्या, आटपाडीच्या डॉक्टरांसाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण शिकलेली परिचारिका मिळत नाही ही ओरड तिथे सर्वांत मोठी आहे. बिल वाढेल हा दुसरा आक्षेप. चौथा हिस्सा सरकार देत असताना विद्यावेतनाने बिल किती वाढेल याचा हिशोब आपले लेखापाल एका दुपारी करून देतील. तो करून पाहिल्यावर आपण आक्षेप घ्यावा.

माझी मागणी मर्यादित आहे. आपल्या संघटनांच्या पुढच्या मासिक सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि मिरजेतील सहा रुग्णालयांचा एक गट येत्या जूनपासून, बारावीचे निकाल लागून गेल्यावर, एका तुकडीने सुरुवात करण्यास तयार आहे का हे विचारावे. कराराचा मराठी मसुदा आणि कौशल्यांची नोंदवही मी लिहून देईन. माझ्याबरोबरीच्या आणखी काही निवृत्त परिचारिका या दोन शहरांत आहेत, आणि पहिल्या तुकडीला आम्ही मानधन न घेता शिकवू. आमची अट एकच राहील : दुपारी तीन ते चार या वेळेत वर्गातल्या मुलीला वॉर्डातून बोलावणे येऊ नये, मग खाली कितीही मोठा पेशंट आलेला असो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, सांगली

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सांगली